अग्निशामकांचे वेतन कायद्याने ठरवायचे, तर कायद्यात नेमके काय लिहायचे?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण महाराष्ट्रातील एका विधानसभा सदस्यांच्या कार्यालयात काम करता, सदस्यांना येत्या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडायचे आहे आणि त्याचा गाभा म्हणून आपण एकच कलम लिहून पाठवले आहे: ‘राज्यातील प्रत्येक अग्निशामकास पोलीस शिपायाच्या वेतनाइतके वेतन देय राहील.’ एवढ्याने भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते भागणार नाही, आणि ते का भागणार नाही हे नीट समजून घेतले तर विधेयक कसे लिहायचे तेही बरेचसे उलगडते. राज्य शासनाच्या सेवेत असताना माझी सतरा वर्षे वेतननिश्चिती, वेतनत्रुटीची प्रकरणे आणि सेवाविषयक विधेयकांचे मसुदे यांत गेली, त्यामुळे पुढचे उत्तर त्या टेबलावरून दिसलेल्या गोष्टींचे आहे. बंबावर चढून काम केलेल्या माणसाला यात आणखी भर घालता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे पोलीस शिपायाशी बरोबरी. सातव्या वेतन आयोगानंतर महाराष्ट्रात पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये अशी आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या अग्निशमन दलातील अग्निशामकाच्या पदासाठी जाहिरातीत दिलेली श्रेणीही हीच आहे. म्हणजे आपले कलम उद्या जसेच्या तसे संमत झाले, तरी मुंबईच्या अग्निशामकाच्या हातात एक रुपयाही जास्त पडणार नाही आणि सदस्यांना मात्र सभागृहात टाळ्या मिळतील. मला हे कठोरपणे लिहावे लागते, कारण अशी विधेयके मी पाहिली आहेत आणि त्यांच्यावर आशा ठेवून बसलेली माणसेही पाहिली आहेत. श्रेणी समान आहे आणि तरीही अन्याय होतो आहे असे आपल्याला वाटत असेल, तर अन्याय श्रेणीत नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि विधेयकाने तिथे बोट ठेवले पाहिजे.

तो प्रामुख्याने तासांत आहे. पाळीची पद्धत गावागणिक वेगळी असते. काही दलांत आठ तासांच्या तीन पाळ्या चालतात, काही ठिकाणी बारा तासांच्या, तर मनुष्यबळ तुटपुंजे असलेल्या ठिकाणी चोवीस तास काम आणि चोवीस तास सुट्टी असा क्रम लागतो. या शेवटच्या पद्धतीचा हिशेब आपण मांडून पाहू. चोवीस-चोवीसच्या क्रमात आठवड्याची सरासरी ८४ तास होते, म्हणजे महिन्याला ३६४ तास. २१,७०० रुपये मूळ वेतनाला या तासांनी भागले तर तासाला सुमारे ६० रुपये येतात. आता मंत्रालयातील लिपिक-टंकलेखक घ्या. त्याची श्रेणी १९,९०० पासून सुरू होते, म्हणजे अग्निशामकापेक्षा खालची. पण २०२० पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, भोजनाची वेळ वगळता आठवड्याला ४० तास, महिन्याला सुमारे १७३. तासाला ११५ रुपये पडतात. कागदावर वरच्या श्रेणीत असलेला माणूस प्रत्यक्षात खालच्या श्रेणीतील माणसाच्या जवळजवळ निम्म्या दराने काम करतो. या हिशेबात महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता धरलेला नाही, पण ते मूळ वेतनाच्या प्रमाणातच मिळत असल्याने गुणोत्तर फारसे बदलत नाही. लिपिकाला जास्त मिळते असे मला मुळीच म्हणायचे नाही. मापाची पट्टी एकाला लावली आणि दुसऱ्याला लावलीच नाही, एवढेच यातून दिसते.

यावर वित्त विभागाचे ठरलेले उत्तर असते की केंद्रात बसून वर्दीची, म्हणजे आग लागल्याच्या निरोपाची, वाट पाहणे म्हणजे काम नव्हे. मी त्या विभागाच्या बैठकांत बसलेली आहे आणि हा युक्तिवाद वाईट हेतूने केला जातो असे मला कधी वाटले नाही. ज्याने फक्त कागद पाहिले आहेत त्याला तो पटतोच. मलाही तो काही काळ पटत होता.

वेतनत्रुटीच्या एका प्रकरणासाठी मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात गेले होते. केंद्र म्हणजे बाजारपेठेमागची एक शेड, आत एक बंब, भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेली शिरस्त्राणे, खाली ओळीने मांडलेले गमबूट आणि दारालगतच्या टेबलावर दोन नोंदवह्या, एक पाळीची आणि एक वर्दीची. प्रकरण वेगळेच होते, पण सवयीने मी दोन्ही वह्या उघडून एकाच तारखेची पाने शेजारी ठेवली. वर्दीच्या वहीत कापसाच्या गोदामाला लागलेल्या आगीची नोंद होती: बंब बाहेर पडला रात्री २.४० वाजता, परत आला सकाळी ९.५० वाजता. पाळीच्या वहीत मात्र त्याच चार माणसांच्या नावांपुढे सकाळी ८.०० वाजता पाळी संपल्याच्या सह्या होत्या. मी विचारले, आठ वाजता तुम्ही इथे होता का? त्यातले ज्येष्ठ यंत्रचालक म्हणाले, ‘मॅडम, आठला आम्ही गोदामावरच पाणी मारत होतो. वहीत वेळ आधीच लिहिलेली असते, आल्यावर आम्ही सही करतो.’ त्या सह्यांपैकी एकीवर काळसर, ओल्या बोटाचा ठसा होता. एक तास पन्नास मिनिटे, गुणिले चार माणसे. ती वेळ नगरपरिषदेच्या कोणत्याच कागदावर अस्तित्वात नव्हती. ज्या वेळेची नोंदच नाही तिचे वेतन कोणताही कायदा देऊ शकत नाही, हे मला त्या टेबलापाशी कळले, आणि म्हणूनच आपल्या विधेयकाचे पहिले कलम वेतनाविषयी असण्याऐवजी नोंदवहीविषयी असावे असे मी आग्रहाने सांगते.

प्रतीक्षेची वेळ काम धरावी की नाही, हा प्रश्न इतर देशांतील कायद्यांनी आणि न्यायालयांनी आपल्यापेक्षा स्पष्टपणे हाताळला आहे. अमेरिकेच्या संघीय कामगार कायद्यात सार्वजनिक दलांतील अग्निशामकांसाठी स्वतंत्र मोजणी आहे: २८ दिवसांच्या कालखंडात २१२ तासांच्या पुढे गेलेला प्रत्येक तास जादा कामाचा धरायचा, म्हणजे आठवड्याला सरासरी ५३ तास. पाचपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या अगदी लहान दलांना त्यातून सूट आहे, आणि ही सूट आपल्याकडे उचलू नये, कारण आपल्याकडे नेमकी लहान दलांतच माणसे सर्वांत जास्त भरडली जातात. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे २०१८ मध्ये बेल्जियममधील निव्हेल या गावच्या एका स्वयंसेवी अग्निशामकाचे प्रकरण आले होते. वर्दी मिळाल्यापासून आठ मिनिटांत केंद्रावर पोहोचण्याचे बंधन त्याच्यावर होते. इतके घट्ट बंधन असेल तर घरी थांबलेली वेळही कामाची वेळ ठरते, असे न्यायालयाने सांगितले. त्या निकालाने वेतनाचा दर ठरवला नाही, तो प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडला; वेळ कोणती धरायची एवढेच ठरवले. कायद्याने काय करावे आणि काय सोडून द्यावे याचा हा मला फार चांगला नमुना वाटतो. घरी थांबलेल्या माणसाविषयी न्यायालय असे म्हणत असेल, तर शेडमध्ये बूट पायाशी ठेवून बसलेल्या माणसाविषयी वाद उरू नये.

आता रकमेचा मुद्दा. कायद्यात रुपयांचा आकडा लिहू नये, हे बहुतेकांना लगेच पटते. महागाई भत्ता सहा महिन्यांनी बदलतो, वेतन आयोग साधारण दहा वर्षांनी येतो आणि अधिनियमात एक आकडा बदलायचा तरी दोन्ही सभागृहांतून सुधारणा विधेयक न्यावे लागते. लिहिलेला आकडा हळूहळू किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा होऊन बसतो. पण आपण आकडा लिहिलेला नाही, आपण तुलना लिहिली आहे, आणि तुलनेचे धोके आकड्याइतके पटकन दिसत नाहीत.

ब्रिटनचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तेथील अग्निशामकांनी नोव्हेंबर १९७७ पासून नऊ आठवडे संप केला आणि त्या काळात लष्कराच्या जवानांना आगी विझवाव्या लागल्या. संप मिटला तो एका सूत्रावर: अग्निशामकाचे वेतन अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुष कामगारांच्या कमाईच्या वरच्या चतुर्थांशाशी बांधायचे. ते सूत्र करारातले होते, अधिनियमातले नव्हते, तरी दोन दशकांहून अधिक काळ दरवर्षीची भांडणे त्याने टाळली. पुढे कारखान्यांतील रोजगार घटत गेला, अंगमेहनतीच्या कामगारांची कमाई इतरांच्या मानाने मागे पडली, अग्निशामकाचे काम मात्र अपघातातील सुटका, रसायने, पूर असे वाढत गेले. आणि २००२-०३ मध्ये पुन्हा संप होऊन ते सूत्र मागे पडले. सूत्र चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ज्याच्याशी तुलना केली तो वर्गच बदलला आणि तुलना पुन्हा तपासण्याची सोय सूत्रात नव्हती.

कॅलिफोर्नियात एकाच राज्याच्या दोन सेवांना दोन वेगळ्या रीती लावलेल्या दिसतात. तेथील महामार्ग पोलिसांचे वेतन लॉस एंजेलिस शहर, लॉस एंजेलिस परगणा, सॅन डिएगो, ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को या पाच मोठ्या दलांच्या सरासरीवरून ठरवावे असे राज्याच्या कायद्यातच लिहिलेले आहे. राज्याच्या अग्निशमन खात्यातील जवानांचे वेतन आणि तास मात्र संघटनेशी होणाऱ्या करारावर अवलंबून राहिले आणि त्यांचा आठवडा वर्षानुवर्षे ७२ तासांचा राहिला. तो ६६ तासांवर यायला २०२४ साल उजाडावे लागले. कायद्यातील सूत्राचे बळ यातून दिसते. मात्र त्या सूत्रातही पाच तुल्य दलांची नावे स्पष्ट लिहिलेली आहेत, ‘पोलिसांइतके’ असे मोघम लिहिलेले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या कलमातील ‘अग्निशामक’ या शब्दाकडेही असेच पाहायला हवे. बोलताना आपण सगळ्यांनाच अग्निशामक म्हणतो, पण सेवाप्रवेश नियमांत ते एका विशिष्ट पदाचे नाव आहे. त्याच्या शेजारी यंत्रचालक आहे, वर प्रमुख अग्निशामक आहे, त्याच्या वर केंद्र अधिकारी व पुढचे अधिकारी आहेत. आपले कलम न्यायालयात गेले तर ते एकाच पदापुरते आहे असा अर्थ लावला जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग यंत्रचालक बाहेर पडेल. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन होते. जोखीम फक्त खालच्या पदाची असते अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी ती आग आठवावी. म्हणून व्याख्येच्या कलमात ‘अग्निशमन सेवेत वर्दीवर जाण्याचे कर्तव्य असलेली प्रत्येक व्यक्ती, तिचे पदनाम काहीही असो’ अशा स्वरूपाचे शब्द घालावेत.

जोखमीचा मोबदला मूळ वेतनात घालावा की वेगळा भत्ता म्हणून द्यावा, याविषयी माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने जोखीम आणि खडतरपणा यांची एक सारणी तयार केली. एका बाजूला जोखमीच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला खडतरपणाच्या, आणि सर्वांत वर सियाचीन. पद्धत म्हणून ती उत्तम आहे, कारण प्रत्येक कामाला आपली जागा दाखवावी लागते. पण त्या सारणीत एकाच जागी उभ्या असलेल्या दोन माणसांचा भत्ता हुद्द्यानुसार वेगळा ठरतो. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या दरांनुसार सियाचीनमध्ये वेतनाच्या नवव्या स्तरापासून वर दरमहा ४२,५०० रुपये आणि आठव्या स्तरापर्यंत ३०,००० रुपये. अग्निशमन सेवेत हा भेद करू नये असे मला मनापासून वाटते. धुराने भरलेल्या जिन्यात श्वसनसंच लावून पुढे जाणारा जवान आणि त्याच्या मागचा अधिकारी एकच हवा घेत असतात. दुसरे असे की भत्ता निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरला जात नाही. फुप्फुसांचे आणि सांध्यांचे आजार निवृत्तीनंतर डोके वर काढतात, नेमके तेव्हा भत्ता थांबलेला असतो. म्हणून वर्दीवर जाण्याची जोखीम सर्वांना सारख्या रकमेच्या भत्त्याने भरावी, आणि दीर्घकालीन आरोग्यहानी मात्र भत्त्यावर न सोडता नियमित वैद्यकीय तपासणी व निवृत्तीनंतरचे उपचार यांच्या वेगळ्या कलमाने सांभाळावी.

आता सर्वांत अवघड भाग: वेतन देणार कोण? गोव्यात हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. तेथे अग्निशमन व आणीबाणी सेवा संचालनालय हे थेट राज्य शासनाचे खाते आहे, जवान राज्याचा कर्मचारी आहे, त्यामुळे विधानसभेने कायदा केला की तो थेट लागू पडतो. महाराष्ट्रात ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील सातव्या नोंदीप्रमाणे अग्निशमन सेवा नागरी स्वराज्य संस्थांकडे आहे. मुंबईला १८८८ चा अधिनियम, इतर महापालिकांना १९४९ चा, नगरपरिषदांना १९६५ चा, औद्योगिक वसाहतींत औद्योगिक विकास महामंडळाचे स्वतःचे दल, आणि वर देखरेखीला राज्याचे संचालनालय. आपल्या विधेयकात ‘राज्यातील प्रत्येक’ असे लिहिले आहे, पण राज्याच्या तिजोरीतून वेतन घेणारे अग्निशामक त्यांत फार थोडे आहेत. राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या अशा दोन्ही सेवांविषयी राज्य विधानमंडळाला कायदा करता येतो. राज्य लोकसेवांची नोंद राज्य सूचीत ४१ व्या क्रमांकावर आहे आणि स्थानिक शासनाची पाचव्या. पण दोन्हींचा पैसा वेगळ्या खिशातून येतो, म्हणून कलमेही वेगळी हवीत.

नगरपरिषदांच्या बाबतीत एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक त्यांच्यावर आहे. हेतू चांगला आहे, नाहीतर सगळा कर पगारातच जाईल. पण त्याचा परिणाम असा होतो की मर्यादेच्या काठावर असलेली नगरपरिषद अग्निशामकाचे नियमित पद भरतच नाही. ते काम ठेकेदारामार्फत घेते आणि तो खर्च आस्थापनेऐवजी दुसऱ्या शीर्षाखाली जातो. आपण कायद्याने नियमित अग्निशामकाचे वेतन वाढवले आणि ही मर्यादा तशीच ठेवली, तर नियमित पदे आणखी घटतील आणि कंत्राटी वाढतील. चांगल्या हेतूच्या कलमाने ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांचेच नुकसान होईल. त्यामुळे वर्दीवर जाणाऱ्या मंजूर पदांचा खर्च या टक्केवारीच्या मोजणीतून वगळण्याची तरतूद आणि नगरपरिषदांसाठी राज्याच्या सहायक अनुदानात त्याची स्वतंत्र नोंद, या दोन गोष्टी मला वेतनवाढीपेक्षाही तातडीच्या वाटतात. कंत्राटी जवानांविषयी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या २०१६ च्या निकालात मार्ग दाखवलेला आहे: तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला किमान नियमित श्रेणीच्या सुरुवातीच्या वेतनाइतके वेतन मिळाले पाहिजे. हे तत्त्व आपल्या विधेयकात स्पष्ट शब्दांत उतरवले, तर प्रत्येक जवानाला स्वतंत्रपणे उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.

न्यायालयातूनच समान वेतन मिळवता येणार नाही का, असेही आपण ओझरते विचारले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व अनुच्छेद ३९(घ) मधून उचलून त्याला बळ देणारा पहिला महत्त्वाचा निकाल, रणधीर सिंग विरुद्ध भारत सरकार, १९८२, हा दिल्ली पोलीस दलातील एका वाहनचालक शिपायाचाच होता. इतर खात्यांतील वाहनचालकांपेक्षा त्याला कमी वेतन मिळत होते. पण उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध चौरसिया या १९८८ च्या प्रकरणापासून न्यायालयाची भूमिका अशी राहिली आहे की दोन पदांचे मूल्यमापन हे वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळाचे काम आहे. वाहनचालकाची तुलना वाहनचालकाशी करता आली. अग्निशामकाची तुलना कोणाशी करायची, हे विधानमंडळाने आधी सांगितलेले नसेल तर न्यायालय सहसा हात घालत नाही. कायद्याची गरज आहे ती इथे.

मग तुलना कोणाशी करावी? पोलीस शिपाई हा एक पर्याय ठीक आहे, पण एकमेव ठेवू नये. माझी सूचना अशी की तुल्य पदांची यादी अनुसूचीत द्यावी, तीत पोलीस शिपाई, शेजारच्या राज्यांतील राज्यशासित अग्निशमन सेवांतील समकक्ष पद आणि राज्यातील सर्वांत मोठ्या तीन महापालिकांच्या दलांतील पद असावे. तुलना मासिक वेतनाची न करता नोंदलेल्या तासामागील वेतनाची करावी. आणि ही अनुसूची दर पाच वर्षांनी एका वेतन पुनर्विलोकन समितीने तपासून अहवाल दोन्ही सभागृहांसमोर ठेवावा असे बंधन घालावे. शिफारस नाकारायची असेल तर शासनाने कारणे लेखी द्यावीत. रक्कम शासनाने नियमांद्वारे ठरवावी, जशी ती महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, २०१९ मध्ये ठरवली गेली. कामाची वेळ कशी मोजायची, तुलना कोणाशी करायची, ती केव्हा तपासायची आणि हे न पाळल्यास कोण जबाबदार, इतके अधिनियमात असले की त्याखालचे आकडे काळाप्रमाणे बदलत राहू शकतात.

पैशाच्या स्रोताविषयी दोन शब्द. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली, ती स्वागतार्ह आहे, पण ती साधनसामग्री आणि क्षमतावाढीची आहे. नव्या बंबावर बसणाऱ्या माणसाचे वेतन राज्याने किंवा नगरपरिषदेनेच द्यायचे आहे. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली बांधकामांवर अग्निशमन सेवा शुल्क घेतले जाते, त्यातून वेतन द्यावे अशी सूचना आपल्याला कोणी ना कोणी करेलच. मी ती स्वीकारणार नाही. बांधकामे मंदावली की शुल्क आटते, आणि वेतन असे आटून चालत नाही. त्या पैशातून विमा, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी करावी.

कार्यपद्धतीची एक अडचण मात्र आपल्याला टाळता येणार नाही. अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होईल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत करता येत नाही, आणि ती शिफारस व्यवहारात शासनाच्या सल्ल्यानेच येते. अशासकीय विधेयके बहुधा इथेच थांबतात. म्हणून मी दोन टप्पे सुचवते. पहिल्या विधेयकात व्याख्या, नोंदवही, कामाच्या वेळेची मोजणी आणि पुनर्विलोकन समिती एवढेच ठेवावे. खर्च अत्यल्प असल्याने शासनाला नकार देणे जड जाईल. रकमेचे बंधन घालणारी कलमे समितीचा पहिला अहवाल सभागृहासमोर आल्यावर शासकीय विधेयकातून येऊ द्यावीत. सदस्यांना हे मिळमिळीत वाटेल याची मला कल्पना आहे. पण तासांची अधिकृत नोंद एकदा तयार झाली की पुढचा वाद अंदाजांवर चालत नाही, आणि वित्त विभागाशी बोलताना हाच फरक निर्णायक ठरतो हे मी अनुभवाने सांगू शकते.

विधेयकासोबतचे वित्तीय ज्ञापन ‘होणाऱ्या खर्चाचा अंदाज करता येत नाही’ या ठरावीक वाक्यावर सोडू नका. त्याआधी सदस्यांच्या मतदारसंघातील आणि आसपासच्या तीन अग्निशमन केंद्रांत स्वतः जा, एक महापालिकेचे, एक नगरपरिषदेचे आणि शक्य झाल्यास एक औद्योगिक वसाहतीचे, आणि तेथील प्रमुखांच्या परवानगीने मागील एका महिन्याच्या नोंदी उतरवून घ्या. जवानांशी बोलताना वेतन किती हवे असे विचारू नका. काल घरी किती वाजता पोहोचलात असे विचारा. आणि छायाचित्रे काढणार असाल तर पाळीच्या आणि वर्दीच्या दोन्ही वह्यांची एकाच तारखेची पाने शेजारी ठेवून काढा.